‘आपल्याकडे व्यायामाची आवडच नाही’: मराठवाड्यातील क्रीडा संकुल समित्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
मराठवाड्यातील सर्व जिल्हा व तालुका क्रीडा संकुल समित्या

महोदय, महोदया,

आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाच्या फाटकावर अलीकडेच एक सूचना चिकटवण्यात आली. संकुल यापुढे बारा महिने सकाळी सात वाजता उघडेल आणि सायंकाळी सहा वाजता बंद होईल, तसेच दिवाळीनंतर मैदान प्रदर्शन व आनंद मेळाव्यासाठी भाड्याने दिले जाणार असल्यामुळे खेळाडूंनी आणि फिरायला येणाऱ्या नागरिकांनी त्या काळापुरती पर्यायी व्यवस्था पाहावी, असा तिचा आशय आहे. पर्यायी व्यवस्था कोणती ते लिहिलेले नाही, आणि लिहिण्यासारखी ती तालुक्यात कुठे अस्तित्वातही नाही. आम्ही काही शिक्षक, खो-खो खेळणाऱ्या मुलींचे पालक आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेली काही वयस्क मंडळी निवेदन घेऊन गेलो, तेव्हा निवेदनाची पोच मिळाली आणि सोबत तोंडी उत्तरही मिळाले: आपल्या भागात लोकांना व्यायामाची आवडच नाही, पुण्या-कोल्हापूरची गोष्ट वेगळी, रिकाम्या मैदानाची राखण करत बसण्यापेक्षा भाड्याचे चार पैसे आलेले बरे.

वेळापत्रक बदलता येते आणि भाडेकरार रद्दही करता येतो. मात्र हे उत्तर ज्या समजुतीतून आले, ती समजूत एका तालुक्यापुरती नाही. छत्रपती संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत आठही जिल्ह्यांत मैदानांविषयीचे निर्णय त्याच समजुतीवर घेतले जातात, असा माझा नोकरीतला अनुभव आहे. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना, जाहीरपणे आणि आमच्या तालुक्याचे नाव न घेता लिहीत आहे. नाव घेतले की विषय एका समितीच्या चौकशीत अडकतो आणि बाकीच्या समित्या मोकळ्या होतात.

मी धाराशिव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. आमच्या शाळेला स्वतःचे मोठे मैदान नाही, त्यामुळे माझ्या मुलींचा सराव संकुलातच होतो. घरी सासूबाईंना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि त्यांचे पहाटेचे चालणेही त्याच मैदानावर होते. या विषयात माझा स्वार्थ एवढा आणि असा आहे.

प्रदेशाप्रदेशात व्यायामाकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. ती दृष्टी घडते कशी, याचा विचार मात्र आपण केलेला दिसत नाही. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे, कारण राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काम करत आहे, आणि विदर्भाच्या मागासलेपणाविषयी कितीही बोलले गेले तरी व्यायाम शिकवणाऱ्या पिढ्या त्या संस्थेने घडवल्या. पुण्याजवळचे बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी सरकारी पैशातून बांधले गेले. या तिन्ही ठिकाणी आधी कोणीतरी जागा दिली, पैसा दिला, माणसे नेमली. आवड त्याच्या मागून आली. कोल्हापूर-अमरावतीत हे घडत होते त्या काळात आपण निजामाच्या राजवटीत होतो, जिथे आर्य समाजाने गावोगाव काढलेल्या व्यायामशाळा आणि आखाडे सत्तेच्या डोळ्यांत खुपत असत. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती अडचण संपली, पण राजाश्रयाची जागा लोकशाहीतल्या कोणत्या यंत्रणेने घेतली, हा प्रश्न मी आपल्यालाच विचारते, कारण कागदोपत्री ती यंत्रणा आपण आहात.

आवड नाही म्हणावे, तर उदाहरणे उलटी आहेत. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे. ते धावपटू म्हणून घडले सैन्यात गेल्यावर. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारे मल्ल राहुल आवारे पाटोद्याचे, पण त्यांची तालीम पुण्याची. याउलट २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खो-खोपटू सारिका काळे इथेच, धाराशिवात खेळून मोठ्या झाल्या, कारण या शहरात खो-खोचे मैदान आणि शिकवणारी माणसे टिकून राहिली होती. जिथे सोय टिकली तिथे खेळाडू घरी राहून घडला, जिथे सोय नव्हती तिथे त्याला गाव सोडावे लागले. अर्थात मोजक्या पदकविजेत्यांवरून चार लोकांच्या तब्येतीचा अंदाज करता येत नाही, आणि माझे पत्र मुख्यतः ज्यांना कधीही पदक मिळणार नाही अशा माणसांविषयी आहे.

त्या माणसांविषयी काही आकडे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे सांगते. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ या मर्यादेखाली होते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के. त्याआधी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड यांची तुलना झाली होती. त्या चार ठिकाणी मिळून शहरांतले ६५ टक्के आणि खेड्यांतले ५० टक्के लोक पुरेशी हालचाल करत नव्हते. मला त्या पाहणीतला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो: फावल्या वेळात, स्वतःच्या इच्छेने, खेळ किंवा व्यायाम म्हणून काहीही न करणाऱ्यांचे प्रमाण महाराष्ट्रात ९१.३ टक्के होते. पुण्या-मुंबईसह हा आकडा आहे. तेव्हा आवडीचा दुष्काळ एकट्या मराठवाड्यात आहे, हे म्हणणे टिकत नाही. फरक आहे तो अडचणींत, आणि त्या अडचणी आपल्याकडच्या काही खास आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपल्याकडे शरीर हलवायला कारण लागते. नुसते बरे वाटते म्हणून धावणारा माणूस आमच्या गावात अजून चेष्टेचा विषय होतो, बाई असेल तर चर्चेचा. परंतु कारण मिळाले की हीच माणसे थक्क करतात. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात राज्य महामार्गाच्या कडेने मुलांच्या आणि आता मुलींच्याही रांगा धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे पन्नास गुण मैदानावर मिळवायचे असतात. भरतीचे वय उलटले की ते धावणे थांबते. कोजागरीच्या सुमारास तुळजापूरकडे येणारे रस्ते पायी चालणाऱ्यांनी भरून वाहतात, आणि त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या, एरवी बसथांब्यापर्यंतही एकटीने न जाणाऱ्या बायका असतात. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी निघते, शेगावची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाईवरून पुढे जाते, तिच्याबरोबर आमच्याकडची किती माणसे दिवसचे दिवस चालतात ते आपण स्वागताच्या कमानी लावताना पाहिले आहेच. तिसरे कारण डॉक्टर. साखर वाढल्याचा कागद हातात आला की चालण्याला घरातून परवानगी मिळते, तोवर नाही. नोकरी, देव आणि दुखणे या तीन कारणांवाचून केलेला व्यायाम आमच्याकडे अजून चैन समजला जातो, हे खरे आहे. पण याला अनास्था म्हणायचे की चालण्याची मोठी ताकद असलेला आणि त्यासाठी रोजचे निमित्त न मिळालेला समाज म्हणायचे, हे आपण ठरवावे. ज्यांना निमित्त पुरवता येते त्यांनीच ते नाही म्हणून कुलूप लावणे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट कष्टाची. ‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ हा प्रश्न मला पालकसभेत नेहमी विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचे जगणे पाहिले तर तो प्रश्न रास्तच आहे. पहाटे फडात उतरायचे, वाकून तोडायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढवायची, आणि खाडा झाला तर मुकादम उचलीतून कापणार. या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण एवढे होते की २०१९ साली राज्य सरकारला बीड जिल्ह्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पाहणीच्या कागदावर अशी बाई ‘अत्यंत सक्रिय’ या रकान्यात जाईल. तिच्या शरीराला मात्र हवी आहे विश्रांती, पोटभर जेवण आणि पाठ सरळ करायला वेळ. स्वतः निवडलेली, थांबवता येणारी हालचाल शरीर घडवते. मजुरीपोटी रेटून केलेली हालचाल ते झिजवते. म्हणून मुंबई-पुण्यातल्या खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी तयार झालेला ‘रोज दहा हजार पावले चाला’ असा फलक आपण ऊसतोड मजुरांच्या गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता, तेव्हा तो कोणासाठी आहे, असा प्रश्न पडतो. त्याच मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयांत दिवसभर बसणारा वर्गही आहे आणि त्याला तो फलक लागू पडतो. एकाच विभागात दोन उलट्या अडचणी आहेत आणि आपल्याकडे छापील फलक एकच आहे.

तिसरी तक्रार वेळेची, आणि ती आपल्या ताज्या निर्णयाशी थेट जोडलेली आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो; सकाळी सातला ऊन चढलेले असते आणि आठनंतर मोकळ्या मैदानावर लहान मुलांना पळवणे धोक्याचे असते. उन्हाळ्यात मैदान वापरण्याजोगे असते ते पहाटे पाच ते साडेसात आणि सूर्य मावळल्यानंतर. सकाळी सात ते सायंकाळी सहा ही वेळ कार्यालयाच्या सोयीची आहे आणि मैदान वापरणाऱ्याच्या दृष्टीने नेमकी उलटी आहे. घरातल्या बाईचे तर विचारूच नका. नळाला आठवड्यातून एखादे दिवशी पाणी येते, ज्या दिवशी येते त्या दिवशीची सकाळ भांडी, पिंप, टाक्या भरण्यात जाते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस इथल्या बायकांच्या वेळापत्रकातून अजून पुरते गेलेले नाहीत. मुलांचे डबे आणि शाळेची गडबड सुरू होण्याआधीचा पहाटेचा तेवढा तास तिच्या हातात असतो. तोच आपण कुलपात ठेवला.

चौथी तक्रार मातीची आहे आणि ती कदाचित आपल्यापैकी काहींना क्षुल्लक वाटेल, पण ज्याने एकदा तरी मैदान आखले आहे त्याला तिचे महत्त्व कळेल. आपली जमीन काळी, कापसाची. पावसाळ्यात तिच्यावर पाय टाकला की बुटाला शेरभर चिखल येतो आणि उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. खो-खोत वळताना पाय भेगेत गेला की घोटा गेला. मुरमाचा जाड थर, त्यावर लाल माती, रोलर आणि पाणी जाण्यासाठी चारी बाजूंनी उतार, एवढे केल्याशिवाय काळ्या मातीचे मैदान मैदान होत नाही. त्यामुळे आमच्याकडे खेळण्याचे खरे दिवस दिवाळीपासून होळीपर्यंतचे. माती धरते, ऊन सोसते, हवा कोरडी असते. शालेय स्पर्धांची तयारी, भरतीचा सराव, सारे त्याच दिवसांत. आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण मैदान प्रदर्शनाला, मेळाव्याला, सभेला आणि कधी लग्नालाही देता. मंडप उठल्यावर खांबांचे खड्डे राहतात, खिळे राहतात, काचा राहतात, आकाशपाळण्याच्या गाडीची चाकोरी राहते. त्या जागेवर आमच्या मुली अनवाणी खेळतात, कारण बहुतेकींकडे सरावाचे बूट नाहीत. भाडे समितीच्या खात्यात जमा होते, खड्डे मात्र मुलींनी घमेल्याने बुजवायचे, अशी सध्याची वाटणी आहे.

मुलींविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. सातवी-आठवीपर्यंत माझ्याकडे संघ निवडताना अडचण येते ती कोणाला वगळावे याची. नववीनंतर अडचण येते ती संघ पूर्ण कसा करावा याची. पाळी सुरू झाली की ट्रॅक पँटवर आक्षेप येतो, मैदानाच्या कठड्यावर बसणाऱ्या टोळक्यावरून घरात बोलणे होते, आणि संकुलातल्या स्वच्छतागृहाला दार किंवा पाणी नसेल, बहुधा दोन्ही नसते, तर मुलगी महिन्यातले काही दिवस स्वतःहूनच येत नाही. मग एखाद्या सुट्टीनंतर ती येणे बंदच होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती त्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७ टक्के आणि परभणीत ४८ टक्के होते. खेळणारी मुलगी शाळेत टिकते आणि शाळेत टिकलेल्या मुलीचे लग्न लांबते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मैदानावरचे दोन दिवे आणि स्वच्छतागृहाचे एक दार यांचा हिशेब त्यामुळे क्रीडा खात्याच्या पलीकडे जातो. नांदेड, परभणी, बीड अशा शहरांतील मुस्लिम वस्त्यांमधल्या अनेक आयांनी मला सांगितले आहे की बायकांसाठी वेगळा तास असेल आणि त्या वेळी फाटकावर बाई असेल, तर त्या स्वतः येतील आणि मुलींनाही आणतील. ही मागणी कोणत्याही एका धर्माची नाही. माझ्या सासूबाईही तेच म्हणतात.

शाळांचे काय, असे आपण विचाराल. शाळा माझ्याच व्यवसायाच्या आहेत, म्हणून सांगते. लातूरने दहावी-बारावीच्या निकालांत आणि आता वैद्यकीय प्रवेश परीक्षेत नाव कमावले, त्याचा सर्वांना अभिमान आहे. पण त्या यशाची नक्कल करताना मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांनी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला दिला आणि संध्याकाळ शिकवणी वर्गाला. मूल पहाटे शिकवणीला जाते, दुपारी शाळेत बसते, रात्री अभ्यासिकेत बसते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान आणि सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असेल तिथे शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितलेला आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी वेळापत्रकात तास आहे आणि तो घ्यायला माणूस नाही.

खुल्या व्यायामशाळांविषयी एवढेच, की निधी आला म्हणून उन्हात, सावलीशिवाय, मुरूम न टाकता बसवलेली ती लोखंडी यंत्रे दुपारी हात लावण्याच्या लायकीची नसतात, आणि पहिला नट निघाला की त्यांच्यावर शेजारच्या घरचे कपडे वाळतात.

रस्त्यावर चाला, असेही आम्हाला सुचवण्यात आले. गळीत हंगामात पहाटे ऊस वाहून नेणारे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून, मागे दिवा किंवा चमकपट्टी नसताना त्याच रस्त्यावरून जातात. पदपथ नाही. सत्तरीच्या माणसाला तिथे चालायला सांगणे हा सल्ला झाला नाही.

एक मुद्दा शासनाच्या धोरणाचा आहे, तो आपण वर कळवावा. १९८३ साली नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागांच्या विकासातली तूट, मोजला. त्यात रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा ही क्षेत्रे होती, मैदाने नव्हती. त्यानंतर याच असमतोलाविषयीचा केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. मराठवाड्याच्या विकासासाठी असलेल्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्याच वर्षी, आधी औरंगाबादसाठी जाहीर झालेले आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ म्हाळुंगे-बालेवाडीला गेले आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. खरे सांगायचे तर माझा जीव त्या विद्यापीठात अडकलेला नाही. विद्यापीठासाठी रस्त्यावर उतरलेल्या पुढाऱ्यांपैकी किती जण आपल्या तालुक्याच्या मैदानावरच्या खड्ड्यांविषयी एखाद्या बैठकीत बोलले, हे त्यांनीच सांगावे. ज्या गोष्टीचा अनुशेष कधी मोजलाच गेला नाही, ती भरून निघाली का असे विचारायची सोयही राहत नाही.

आता मागण्या. त्या आपल्या अधिकारातल्या आहेत आणि बहुतेकींना फारसा पैसा लागत नाही.

सकाळी सात ते सायंकाळी सहा ही वेळ मागे घ्यावी. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत मैदान पहाटे साडेचार ते नऊ आणि सायंकाळी पाच ते रात्री दहा, इतर महिन्यांत पहाटे पाच ते नऊ आणि दुपारी चार ते रात्री नऊ उघडे ठेवावे. रखवालदाराची पाळी त्याप्रमाणे लावावी. सुरक्षेचे कारण असेल तर त्याचा उपाय दिवा आणि माणूस हा आहे.

दिवाळी ते होळी या काळात मैदान खेळाव्यतिरिक्त कोणत्याही कामासाठी भाड्याने देऊ नये. इतर वेळी द्यायचेच असेल तर धावपट्टी आणि खो-खो, कबड्डीची मैदाने वगळून द्यावे, आणि दुरुस्तीपुरती अनामत रक्कम आधी घेऊन मैदान पूर्ववत झाल्याचे शारीरिक शिक्षण शिक्षकाने लिहून दिल्यावरच ती परत करावी.

नवीन यंत्रे, कमानी आणि रंगरंगोटीच्या आधी मुरूम, उतार, पिण्याचे पाणी, दार असलेले स्वच्छतागृह आणि दिवे, या क्रमाने खर्च करावा. रोज एक तास केवळ महिला व मुलींसाठी राखून त्या वेळी महिला कर्मचारी नेमावी. तुळजापूरला चालत जाणाऱ्या, वारीला जाणाऱ्या बायकांच्या गटांना, बचत गटांना आणि भजनी मंडळांना मैदानावर येण्याचे लेखी निमंत्रण द्यावे. त्यांना चालायला शिकवण्याची गरज नाही, रोज चालायला जागा आणि सोबत देण्याची आहे.

जिल्हा परिषद शाळांची मैदाने शाळा सुटल्यावर गावासाठी खुली करण्याचा प्रस्ताव आपण जिल्हा परिषदेपुढे मांडावा, आणि शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाला देणाऱ्या शाळांकडून खुलासा मागवण्याची शिफारस शिक्षण विभागाला करावी. आपल्या जिल्ह्यात वापरण्याजोगी मैदाने किती, त्यांवर दिवे किती, महिला किती येतात, याची गावनिहाय मोजणी करून ती दरवर्षी जाहीर करावी.

ऊसतोड मजुरांसाठी मी आपल्याकडे काही मागत नाही, त्यांचे प्रश्न आपल्या समितीच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्यांच्या गावांतले दहा हजार पावलांचे फलक तेवढे काढून घ्यावेत. त्यांची जी मुले हंगामात आजीजवळ किंवा वसतिगृहात मागे राहतात, त्यांना मात्र संध्याकाळी एक चेंडू आणि एक शिक्षक मिळेल असे पाहावे.

शेवटची मागणी समितीच्या रचनेविषयी आहे. मैदान रोज वापरणाऱ्यांपैकी किमान दोन व्यक्ती, त्यांत एक महिला, प्रत्येक समितीच्या बैठकीस निमंत्रित असाव्यात, आणि बैठकीची तारीख व इतिवृत्त जाहीर व्हावे. आमच्या तालुक्याची पुढील बैठक केव्हा आहे ते कळवल्यास आम्ही मैदानाची मोजमापे, सरावाला येणाऱ्या मुलींची यादी आणि मुरूम व दिव्यांच्या खर्चाचा अंदाज सोबत घेऊन येऊ.

कळावे,

आपली,
एक शारीरिक शिक्षण शिक्षिका
धाराशिव जिल्हा